जोडीतला डावा

स्की बूट जोडीने विकतात, आणि दुकानदाराच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. अडचण होते ती ज्याचे दोन पाय एकमेकांचे जोडीदार उरलेले नाहीत त्याची. डावा घोटा मोडल्यापासून माझा उजवा पाय पहिल्यासारखाच आहे, पण डाव्याची मापं, सवयी, रुसवेफुगवे सगळं निराळं झालंय. रोजच्या बुटांत हा फरक खपून जातो. नाडी सैल सोडायची, आतला सोल काढून टाकायचा, चार दिवस कुरकुर करून चामडं पायाचं ऐकतं. स्की बुटाचं प्लॅस्टिक ऐकत नाही. त्याचं कामच न ऐकण्याचं आहे. नडगीने पुढे दिलेला दाब घोट्यात न जिरता थेट स्कीच्या कडेपर्यंत पोचवायचा, यासाठीच तो बूट इतका कडक असतो. त्यामुळे पायाबद्दल जे काही खोटं आपण दुकानात बोलू, ते तो बर्फावर उघडं पाडतो.

घोटा बर्फावर मोडलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते. ओल्या पायरीवरून घसरले. तरी भेटायला आलेला प्रत्येक जण स्कीइंगलाच नावं ठेवून गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी, पण प्लास्टरमधल्या माणसाचं ऐकतो कोण? नडगीच्या शेजारी बाहेरच्या बाजूला जे बारीक हाड असतं, ते घोट्याच्या जरा वर तुटलं होतं. आता तिथे एक प्लेट आणि काही स्क्रू आहेत. कातडीवरून बोट फिरवलं तर एकेका स्क्रूचं डोकं लागतं, थंडीत जरा जास्तच. हाड यथास्थित जुळलं. सर्जननी परवानगी दिली, फिजिओथेरपिस्ट बाईंनी एका पायावर उड्या मारायला लावून स्वतःची खात्री करून घेतली. जुन्या बुटांना मात्र यातलं काहीच मान्य नव्हतं.

बूट घालणं ही मुळात घोट्याची कसरत आहे, हे धडधाकट माणसाच्या कधी लक्षातच येत नाही. नेहमीच्या घडणीत प्लॅस्टिकच्या दोन बाजू पावलावर एकमेकींवर चढतात. त्या दोन्ही हातांनी फाकवायच्या, पायाची बोटं खाली रोखायची, पाऊल त्या अरुंद घशातून दामटायचं, मग टाच एकदम धप्पकन खाली बसते. माझा घोटा बोटं तितकी खाली रोखूच देईना. काढताना तर त्याहून वाईट, कारण तेव्हा टाच त्याच घशातून वर ओढावी लागते आणि दोन्ही बाजूंची हाडं खरवडून निघतात. तेही उबदार खोलीत. रात्रभर गारठलेलं प्लॅस्टिक फाकतसुद्धा नाही. म्हणून पाय मोडून उठलेल्या कुणालाही मी हेच सांगेन की दुकानात बूट घालून बघता तसा काढूनही बघा, आणि एकदा नव्हे, चारदा. विक्रेता कंटाळेल. कंटाळू दे.

पाय उशीवर ठेवून पडून राहायच्या दिवसांत स्कीइंगचा इतिहास बराच वाचून झाला. त्यातला यालमार व्हाम मला फार आवडला. जन्माने नॉर्वेचा, अमेरिकेत ओरेगॉनमध्ये स्थायिक झालेला, पट्टीचा स्कीपटू. १९३७ मध्ये त्याचा पाय मोडला, आणि इस्पितळात ईथरच्या गुंगीतून बाहेर येता येता त्याने कागद-पेन्सिल मागवून पडल्याबरोबर बुटाला मोकळं करणाऱ्या बाइंडिंगचं, म्हणजे बूट स्कीला जखडून ठेवणाऱ्या पकडीचं, चित्र काढलं, असं सांगतात. १९३९ मध्ये ते विक्रीला आलंसुद्धा. मी माझ्या गुंगीतून बाहेर आले तेव्हा पाणी मागितलं होतं. माणसामाणसांत फरक असतो.

व्हामच्या काळात बूट चामड्याचे, नाडीचे आणि घोट्यापर्यंतच असत. पडलं की घोटा नाहीतर नडगी जायची. १९६० च्या दशकात बॉब लांगे यांनी प्लॅस्टिकचा बूट बाजारात आणला, बूट उंच आणि कडक होत गेले, बाइंडिंगंही सुधारत गेली. व्हरमाँटमधल्या एका स्की केंद्रावर काही संशोधकांनी १९७२ पासून वर्षानुवर्षं दुखापतींची नोंद ठेवली, तिच्यातही हेच दिसलं. गुडघ्याखालच्या दुखापती झपाट्याने कमी झाल्या, गुडघ्याच्या अस्थिबंधांच्या मात्र तशा झाल्या नाहीत. हे वाचून मी पलंगावर बरीच निवांत झाले होते. म्हणजे माझा मोडका घोटा बुटात सगळ्यात सुखरूप! मग हळूहळू उजेड पडला. बुटाने घोटा घट्ट धरून ठेवला, तर त्या घोट्याला जे करता येत नाही त्याची भरपाई गुडघा करणार. घोट्याला काही होणार नाही, पण घोट्यापायी गुडघ्याला होऊ शकतं.

दुखऱ्या पायाला बूट घ्यायचा म्हटलं की मनात पहिला विचार येतो तो एक नंबर मोठा घेण्याचा. आणि सल्लेही तेच मिळतात, ‘जरा ऐसपैस घे, पायाला आराम पडेल.’ याच्याइतका घातकी सल्ला दुसरा नाही. मोठ्या बुटात टाच वर उचलली जाते. टाच उचलते म्हणून आपण बकलं आणखी आवळतो. आवळलेली बकलं पावलाच्या वरच्या फुगीर भागावर दाबतात, आणि नेमकी तिथूनच बोटांकडे जाणारी रक्तवाहिनी आणि नसा कातडीच्या अगदी जवळून जातात. मग पाय बधिर होतो, गार पडतो, आणि माणूस म्हणतो, बूट लहान पडतोय. पुढच्या वेळी त्याहून मोठा घेतो.

माझ्या बूटफिटरने, म्हणजे बूट पायाला बेतून देणाऱ्या कारागिराने, बूट दाखवायच्या आधी मला अनवाणी उभं केलं. संध्याकाळी या, हे त्यानेच सांगितलं होतं, कारण मोडून जुळलेला पाय दिवस कलेल तसा सुजतो आणि सकाळचं माप संध्याकाळी लागू पडत नाही. त्याने आधी बसवून आणि मग पूर्ण वजन टाकून अशी दोन्ही पावलांची मापं घेतली. वजन पडलं की कमान किती बसते आणि पाऊल किती लांबतं, ते त्याला हवं होतं. स्की बुटाचा नंबर, म्हणजे मोंडोपॉइंट, हा पावलाची सेंटिमीटरमधली लांबीच असतो. पण गंमत अशी की २५ आणि २५.५ या दोन नंबरांचं बाहेरचं शेल बहुधा एकच असतं, बदलतो तो आतला सोल किंवा लायनर, म्हणजे शेलच्या आत बसणारा मऊ बूट. म्हणजे अर्ध्या नंबरावरून दुकानात जी घासाघीस चालते ती बरीचशी स्पंजाबद्दलची असते. रुंदीचा आकडा वेगळा. ९८ मिलिमीटर म्हणजे अरुंद, १००च्या आसपास मध्यम, १०२च्या पुढे ऐसपैस. तोही एका ठरावीक नंबराच्या बुटावर मोजलेला असतो, त्यामुळे लहान नंबरात बूट प्रत्यक्षात आणखी अरुंद निघतो.

मग भिंत. पायाचा अंगठा भिंतीपासून थोडा दूर, टाच जमिनीला चिकटलेली, आणि गुडघा पुढे नेत भिंतीला टेकवायचा. टाच न उचलता गुडघा टेकतो तोवर पाऊल मागे मागे सरकवत न्यायचं. उजवं पाऊल आरामात वीतभर मागे गेलं. डावं चार बोटांत अडलं, घोट्याच्या पुढच्या बाजूला काहीतरी आडवं आल्यासारखं. फिजिओथेरपिस्ट बाईंकडे ही चाचणी मी पुष्कळदा दिली होती आणि दर वेळी थोडी प्रगती झाल्याबद्दल शाबासकी मिळवली होती. बूटफिटरने शाबासकी वगैरे दिली नाही. तो म्हणाला, ‘तुमच्या जुन्या बुटात नडगी जितकी पुढे झुकलेली असते, तिथवर हा घोटा मुळात पोचतच नाही.’ बूट बंद केला की घोट्याची सगळी हालचाल उभं राहण्यातच खर्च होणार, वाकायला शिल्लक काही उरणार नाही. मग वाकणार कोण? कंबर. वजन मागे टाचांवर जाणार, स्कीच्या शेपटावर बसल्यासारखं होणार. आणि वजन मागे, गुडघा खोल वाकलेला, एका स्कीची आतली कड बर्फात रुतलेली, अशा अवस्थेतच गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचा एक फार नेहमीचा प्रकार घडतो. पलंगावर वाचलेलं सगळं त्या भिंतीपाशी माझ्या गुडघ्याला येऊन भिडलं.

यावर उपाय तसा साधा. टाचेखाली काही मिलिमीटरची पाचर. टाच उचलली की घोट्याचा कोन उघडतो आणि थोडी हालचाल शिल्लक पडते. त्याने ती दोन्ही बुटांत घातली, नाहीतर एक पाय लांब आणि एक आखूड असा नवाच घोळ झाला असता. शिवाय मुळातच कमी झुकलेला बूट निवडला.

आता यातली मेख सांगते, कारण बरेच जण इथे फसतात. पाचर घातली की अख्खं पाऊल बुटात वर सरकतं. पावलाचा फुगीर भाग वर टेकतो. घोट्याची हाडंही वर जातात, आणि शेलमध्ये त्यांच्यासाठी केलेला खोलगट खिसा खालीच राहतो. त्यामुळे कामाचा क्रम चुकवून चालत नाही. आधी पाचर, मग कमानीला आधार देणारा मापाचा सोल, मग त्या स्थितीत पाऊल नक्की कुठे बसतं ते पाहायचं, आणि त्यानंतरच प्लॅस्टिकला हात लावायचा. उलट केलं तर सुंदर फुगवटा तयार होतो, भलत्याच जागी.

माझ्या प्लेटचं दुखणं तर आणखी विचित्र जागी होतं. बुटाचा खालचा भाग आणि पोटरीला वेढणारा वरचा भाग घोट्याच्या दोन्ही बाजूंना रिव्हेटने जोडलेले असतात. लायनर काढून शेलमध्ये हात घाला, तिथे एक गोल धातूची टिकली बोटाला लागते. माझ्या प्लेटचं खालचं टोक तिच्या जेमतेम बोटभर वर. तिथे दोन प्लॅस्टिकं एकावर एक येतात, म्हणजे बूट सगळ्यात कडक तिथेच. बूटफिटरने माझ्या घोट्यावर बोट फिरवत प्लेटची कड शोधली, प्रत्येक उंचवट्यावर गडद लिपस्टिकचा ठिपका दिला, आणि लायनरशिवाय नुसत्या शेलमध्ये पाय बसवायला लावला. पाय काढल्यावर आत प्लॅस्टिकवर तांबडे डाग उमटले होते. त्याला हवा असलेला नकाशा तोच. मग त्या जागी गरम हवेचा झोत देऊन प्लॅस्टिक मऊ केलं, आतून दट्ट्या लावून बाहेर ढकललं, आणि दाब तसाच ठेवून थंड व्हायला रात्रभर सोडलं. घाईने दाब काढला तर प्लॅस्टिक आपलं मूळ वळण आठवून परत यायला बघतं. काही ठिकाणी आतून नुसतं घासलंही. उजव्या बुटाला त्याने हातही लावला नाही.

शेल निवडताना त्याने धरलेला नियम असा: लायनर काढायचा, बोटं शेलच्या पुढच्या टोकाला टेकवायची, थोडं वाकायचं आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघायचं. दीड ते दोन सेंटिमीटर म्हणजे ठीक, दीडच्या आत म्हणजे शर्यतीकडे कल असलेला घट्ट बूट, अडीचच्या वर गेलं की बूट परत फडताळात. प्लॅस्टिक हव्या त्या जागी फुगवता येतं, अख्खा बूट लहान मात्र करता येत नाही.

पोटरीचं काय करायचं, हा प्रश्न मला वाटलं होतं सोपा असेल. प्लास्टर निघाल्यावर डावी पोटरी वाळलेली होती, अजूनही उजवीपेक्षा बारीकच आहे, त्यामुळे बुटाचा वरचा भाग सैल बसतो. मी आपलं सुचवलं, मागे एक पॅड घालून टाका. तो हसला. मागे पॅड घातलं की पोटरी पुढे ढकलली जाते, नडगी आणखी झुकते, म्हणजे पाचर घालून मिळवलेलं सगळं परत गेलं. त्याने लायनरच्या जिभेच्या मागे आणि दोन्ही बाजूंना फोमचे पातळ तुकडे चिकटवले. निघतील असे. पोटरी भरत जाईल तसे एकेक काढायचे. वरच्या बकलांचे दातेही सरकवता येतात. मुळात हा पाय अजून बदलतो आहे, हे त्या माणसाने गृहीतच धरलं होतं. मी धरलं नव्हतं. माझ्या मनात एकच पाय होता, अपघाताआधीचा, आणि तो लवकरच परत येणार होता.

फ्लेक्सचा आकडा ठरवताना तर माझा अहंकार आडवा आलाच. फ्लेक्स म्हणजे बूट पुढे वाकायला किती जोर लागतो त्याचा अंदाज. साधारण ६० म्हणजे मऊ, १३० म्हणजे दगड. हा आकडा कुठल्याही एका प्रमाणाने मोजत नाहीत. एका कंपनीचा १०० दुसरीच्या ९०च्या बरोबरीचा निघू शकतो. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरीही बुटावर आधीपेक्षा लहान आकडा लिहिलेला बघून कुणीतरी हुद्दा काढून घेतल्यासारखं वाटलं. बूटफिटरने एवढंच केलं: दोन्ही बूट घालून गुडघे पुढे दाबायला लावलं आणि आरशात बघायला सांगितलं. कडक बुटात उजवी नडगी वाकत होती, डावी जागची हलत नव्हती, आणि माझी कंबर मागे गेली होती. तेही दुकानातल्या उबेत. बर्फावर प्लॅस्टिक आणखी कडक होतं, त्यामुळे दुकानात ‘जरा मऊच वाटतोय’ असं म्हणावंसं वाटणारा बूट डोंगरावर बरोबर निघतो.

शेवटी घेतला तो तीन भागांचा, पुढे प्लॅस्टिकची वेगळी जीभ असलेला. ती जीभ पुढे पूर्ण उघडते, पाऊल जवळजवळ सरळ आत जातं, बोटं खाली रोखायची झटापट नाही. माझ्या बुटाची जीभ बदलूनही मिळते, म्हणजे पुढेमागे घोटा सैलावला तर कडक जीभ लावून फ्लेक्स वाढवता येईल. मागून उघडणारे बूटही त्याने दाखवले होते. १९८० च्या दशकात त्यांची चलती होती, मग ते मागे पडले, आता पुन्हा दिसू लागलेत. घालायला त्यांच्याइतकं सुख दुसऱ्या कशात नाही. पण माझी टाच त्यांत धरली जात नव्हती.

टाच धरली जाणं म्हणजे काय, हे ओळखायलाच मला सर्वांत जास्त वेळ लागला. पाय मोडलेल्या माणसाला प्रत्येक दाब धोक्याचा वाटतो. घोट्यापाशी काही टेकलं की मेंदू आधी ओरडतो आणि मग विचारतो, काय झालं. नवा बूट घालून मी अर्धा तास बसून-उठून होते, आणि तो दर थोड्या वेळाने येऊन एकच विचारत होता: ‘टोचतंय की धरतंय?’ पहिल्यांदा मी सरसकट ‘दुखतंय’ म्हणाले. त्याने बोटाने दाखवायला सांगितलं. बोट ठेवता आलं नाही. सगळीकडून सारखं आवळल्यासारखं होतं, आणि ज्यावर बोट ठेवता येत नाही ते बहुधा धरणं असतं. लायनर पुढे दबून सैलावतो, त्यामुळे सुरुवातीला बूट घट्टच हवा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली तर बिघडत नाही, गुडघे वाकवले की टाच मागे बसते आणि बोटं सुटतात. थोड्या वेळाने मात्र प्लेटच्या वरच्या टोकाला एक तिखट टोचणी सुरू झाली. तिच्यावर बोट नेमकं ठेवता आलं. बूट परत दट्ट्याखाली गेला.

मोजे, एकच जोड, पातळ आणि लांब. दुखऱ्या पायाला ऊब म्हणून दोन मोजे चढवायचा मोह होतो. त्याने पाय घसरतो, दुमडलेल्या सुरकुत्या टोचतात आणि रक्त अडून पाय आणखी गार पडतो. यावर इतकंच पुरे.

बूट बदलला की बाइंडिंग नव्याने लावून घ्यावं लागतं, हे पुष्कळ जण विसरतात. बुटाच्या बाहेरच्या सोलची लांबी मिलिमीटरमध्ये टाचेजवळ कोरलेली असते आणि ती नंबर तोच असला तरी बुटागणिक बदलते. सोलचे प्रकारही आता वेगवेगळे आहेत, सगळे बूट सगळ्या बाइंडिंगांत चालत नाहीत. किती जोर आल्यावर बूट सुटावा, हा आकडा वजन, उंची, वय, सोलची लांबी आणि स्कीइंगची धाटणी यांवरून तक्त्यातून काढतात. पन्नाशीनंतर तो एक पायरी खाली आणतात. त्या तक्त्यात जुन्या फ्रॅक्चरला रकाना नाही. मी काम करणाऱ्या पोराला आपणहून सांगितलं, त्याने सर्जनचं म्हणणं विचारलं आणि स्कीइंगच्या धाटणीत मला सर्वांत सावध गटात टाकलं. जुना आकडा मला आठवत होता. तो मी सांगितला नाही, त्यानेही विचारला नाही.

बर्फावर पहिल्यांदा गेले तेव्हा मुद्दाम सोपा उतार धरला आणि दर फेरीनंतर बकलं उघडत राहिले. डावीकडची वळणं, म्हणजे उजव्या पायावर भार येणारी, छान गेली. उजवीकडची चाचरत. बूट यात निर्दोष होता. भार टाकायची वेळ आली की डावा पाय क्षणभर थांबून विचार करत होता, आणि त्यावर कुठलाही दट्ट्या चालत नाही. टोचत काहीच नव्हतं, पण दुपारी डाव्या कमानीत पेटका आला, म्हणून परत जाऊन आतला सोल थोडा घासून आणला.

आता सर्जन म्हणतात, प्लेट त्रास देत नसेल तर राहू द्या, नाहीतर पुढच्या वर्षी काढून टाकू. मी बूटफिटरला विचारलं, काढली तर त्या फुगवट्याचं काय? तो म्हणाला, आतून फोम लावून भरून देईन, पुन्हा गरम केलं तर प्लॅस्टिक थोडं मागेही येईल. पण काढायची असेल तर हंगाम संपल्याबरोबर काढा, स्क्रूची भोकं भरून यायला वेळ लागतो आणि तोवर ते हाड कच्चंच असतं. नेमकं हेच सर्जनही म्हणाले होते. अजून ठरवलेलं नाही.